कळ

इशबेल मॅकऑस्लननं तो चाकांच्या बाजारपिशवीतून आणला,
ग्रीनॉकचा चढ चढून, दोनदा थांबून.
अडीच किलोचा कळफलक, सत्त्याऐंशी सालचा,
पाठीवर तारखेचं लेबल,
वेटोळी वायर कांद्यांच्या जाळीत अडकलेली.
"काही अक्षरं मुकी झालीत," ती म्हणाली,
"आणि हलवला की आत खुळखुळतं काहीतरी."

खुळखुळत होती रिव्हेटांची डोकी.
प्लास्टिकची, मोहरीहून जरा मोठी.
तीस-पस्तीस वर्षांत ती ठिसूळ होतात,
एकेक गळून पडतं,
आणि खालचा पत्रा वरच्या कवचाला
हळूहळू सोडू लागतो, न भांडता.

माझे वडील तरुणपणी रिव्हेट ठोकायचे.
क्लाइडच्या काठावर, जहाजांना,
पोलादी, लालबुंद, अंगठ्याहून जाड.
पुढे वेल्डिंग आलं, तेही त्यांनी शिकून घेतलं.
डावा कान मात्र
जुन्या धंद्याकडेच राहिला.

टोप्या उपटल्या. एकशे दोन.
खाली बिस्किटांचा चुरा, करडे केस,
स्टेपलरची पिन, अर्धं नख.
टोप्या पातेल्यात, वर कोमट पाणी,
कवळी धुवायच्या दोन गोळ्या.
रात्रभर अक्षरं फसफसत होती.

सकाळी पुसताना दिसलं:
छापील अक्षर एकही झिजलं नव्हतं,
पण काही टोप्या बोटांनी आरशासारख्या केलेल्या.
ई आणि टी तर सगळ्यांच्याच होतात.
आर, ठीक आहे.
पण जी?
जी इतका कोण वापरतं?

मग दीड मिलिमीटरचं ड्रिल.
पन्नासावर भोकं, श्वास धरून,
तरी दोन तिरकी पडलीच.
त्यांत स्टीलचे बारके स्क्रू, मागून नट.
स्प्रिंगा एकेक उभ्या केल्या.
ही स्प्रिंग सरळ दबत नाही.
सोसते, सोसते,
आणि एका ठरावीक जागी कुशीवर कलंडते.
टक्.
तेवढ्यात अक्षर होऊन जातं.

गुरुवारी ती आली.
मी जुना थ्री-एटी-सिक्स सुरू केला,
डिस्क कण्हली, पडद्यावर हिरवा ठिपका लुकलुकू लागला.
तिनं कोट काढला नाही.
"शिपयार्डच्या ऑफिसातला हा," म्हणाली,
"शेवटच्या दिवशी याच कोटाखाली घालून आणला.
सात महिन्यांच्या गरोदर बाईसारखी चालत गेले फाटकातून,
एक्कावन्न वर्षांची मी!"
हसली. मग हसू आवरून:
"एका आठवड्यात चारशे बारा पत्रं काढली यावर.
'कळवण्यास खेद होतो.' सगळ्यांना तेच.
नावं मशीन आपोआप घालू शकायचं, शिकवलं होतं आम्हांला.
मी हातानं घातली.
खेदसुद्धा दर वेळी नव्यानं टाइप केला.
साहेब म्हणाले, वेळ जातोय.
म्हटलं, जाऊ दे."

इंग्रजीत खेद लिहायला जी लागतो.

आमच्या आडनावात एल दोनदा येतो.
बँक एक गाळते, दवाखाना एक गाळतो,
वडिलांच्या शवपेटीवरच्या पट्टीतसुद्धा एकच होता,
परत पाठवावी लागली.
कपाटातल्या त्या पत्रात दोन्ही आहेत.
मी हे इशबेलला सांगितलं नाही.
ती घंटी वाजवून आत आली होती,
आणि घंटीखाली गिलेस्पी लिहिलंय,
ठळक अक्षरांत.

तिनं बोटं चोळली, खुर्ची पुढे ओढली.
सांध्यांना गाठी, तरी मनगटं अधांतरी,
जुन्या शाळेची शिस्त.
मला वाटलं, आता काहीतरी लिहील.
तिनं लिहिलं:
दूध. मांजराचं खाणं. कवळीच्या गोळ्या
(तुझ्या मी संपवल्या ना?).
खालच्या मजल्यावरून छताला कुंचा ठोकला गेला.
"चालतोय," ती म्हणाली,
आणि थांबली नाही.

मी टेबलाच्या कडेवर तळहात ठेवला.
वडील ऐकायचे तसं.