हात आखडताना

शाळेत नर्स आली त्या सकाळी उणे एकवीस होतं.
गावातले पुरुष बसले पोरांच्या बुटक्या बाकांवर,
गुडघे हनुवटीला, बाही कोपरावर.
अस्वलाला न भिणारी माणसं,
सुईकडे मात्र कोणी बघेना.

तावेत्ती म्हणाला, मला काय धाड भरलीय?
छाती ठोकून म्हणाला.
अशाच एका छातीवर त्याच्या भावानं, ऑस्करीनं,
गेल्या उन्हाळ्यात हात ठेवला होता,
गवताच्या गंजीपाशी,
खिशातली काड्यापेटी चाचपावी तसा.
मग बसला.
मग आडवा झाला.
एकोणचाळीस.

चर्चमागच्या दगडांवर आमच्या पुरुषांची वयं
नापास पोरांच्या मार्कांसारखी:
सेहेचाळीस, त्रेचाळीस, एकोणचाळीस.

तीन आठवड्यांनी कार्ड आलं. तीनशे अठ्ठेचाळीस.
"कशातलं?" त्यानं विचारलं.
"रक्तातलं कोलेस्टेरॉल."
"मग बरंच आहे की," म्हणाला,
गाईनं जास्त दूध दिल्यासारखा खूश.

नर्स फळ्यावर नळी काढून दाखवत होती.
मला गरज नव्हती.
धार काढायच्या यंत्राची नळी
एक दिवस धुवायची राहिली, तर
आत काय बसतं, ते माझी बोटं जाणतात.

आई सांगायची, बाईनं वाढताना हात आखडू नये.
नाही आखडला.
राईच्या पावावर अंगठ्याएवढं लोणी,
डुकराच्या चरबीत तळलेला बटाटा,
कॉफीत साय.
जत्रेत माझ्या लोण्याला पहिलं बक्षीस,
लाकडी साचा, त्यावर कोरलेली मैना.
सतरा वर्षं मी त्याच्यावर माया केली
ती अशी, चमच्याचमच्यानं, नळीत.

आता त्याला निळसर, साय काढलेलं दूध देते,
पूर्वी गोठ्यात जायचं ते.
"वासरू केलंस माझं," म्हणतो, आणि पितो.
ताकाला जाऊन भांडं लपवणं ऐकलं होतं;
या बाबानं लोणीच लपवलं,
साउनाच्या सरपणात, भूर्जाच्या सालीत गुंडाळून.
सापडलं, तेव्हा त्यावर त्याच्या अंगठ्याचा ठसा होता.
भांडले नाही.
तिथंच ठेवलं, थोडं कमी करून.

काल ऑस्करीची लेम्पी दारात आली.
"तुमच्याकडं लोणी उरत असेल आता," म्हणाली,
"माझे दोघे वाढीला लागलेत."
चौदा आणि अकरा. बापाचेच खांदे.
मी बरणीकडे वळले.
हात झाकणापर्यंत गेला
आणि तिथंच थांबला.
दारात आलेल्या माणसापुढं
आयुष्यात पहिल्यांदा.

लेम्पी माझ्या हाताकडे बघत राहिली.
बाहेर तावेत्ती लाकडं फोडत होता.
घाव पडायचा, मग थोडी उसंत,
मग पुन्हा घाव.
त्या उसंतीत आम्ही दोघीही
श्वास घ्यायच्या थांबत होतो.