मीठदाणी

सन एकोणीसशे सव्वीस. लँकेशायरातलं एक गिरणीचं गाव,
टेकडीच्या पोटाला चिकटलेलं.
मी सोलापूरहून माग शिकायला आलेला,
ग्रीनहॉल्श यांच्या माडीवर,
रविवारचं जेवण धरून आठवड्याला अठरा शिलिंग.

जेवण उरकलं की ईनॉक गाव मांडायचा.
मीठदाणी म्हणजे चर्च.
लोण्याचं भांडं, साखरेचा कारखाना.
सुरी आडवी, तो रस्ता.
पावाचे तुकडे घरं, एकूण एकवीस,
एखादं कमी पडलं तर माझ्या ताटातून.
मोहरीच्या बाटलीमागे मशीनगन.
"आम्ही इथून," म्हणत तो बोट ठेवायचा
मेणकापड फाटलं होतं तिथे.

गावाचं नाव फ्रेंच. ते त्याला कधी धड घेता आलं नाही,
दर रविवारी निराळंच यायचं तोंडात.
सार्जंट नुसतं 'ते' म्हणायचा, म्हणे.
ते घ्यायचं. ते घेतलं.
ते गेलं.

मग वाटाणे.
उकडलेले, मुद्दाम मागे ठेवलेले.
हा क्लेग, खालच्या गल्लीतला. हा टर्नबुल,
माझ्या शेजारच्या मागावरचा, शिट्टी छान वाजवायचा.
हे दोघे भाऊ.
नखाने एकेक पुढे सरकायचा
आणि सुरीपाशी थांबायचा.
पहिल्या घरापर्यंत चार वाटाणे पोचायचे.
चर्चपर्यंत एक,
आणि तो समोर खुर्चीत बसलेला.

एडा तोवर उभीच, ओलं फडकं हातात.
पण खेळ सुरू होण्याआधी
ती त्या ढिगातला एक वाटाणा उचलून
एप्रनच्या खिशात टाकायची.
ईनॉक तेवढ्यापुरता खिडकीबाहेर बघायचा.
मी पहिले काही रविवार समजलो, भूक असेल.

एकदा विचारलं, "गावात माणसं होती का?"
बराच वेळ गेला.
"एक कोंबडी," तो म्हणाला.
"आणि घेतलंत का शेवटी?"
"दोनदा."

माझा चुलता बसऱ्याकडे जाऊन आला होता.
त्याने कधी काही मांडलं नाही.
आमच्याकडे जेवण जमिनीवर,
तो मान खाली घालून सगळं संपवायचा,
ताटाच्या कडेचं मीठसुद्धा बोटाने पुसून.
वाढणारी विचारायची, अजून काय वाढू?
तो ताटावर हात आडवा धरायचा.

एडा मागच्या दारात मेणकापड झटकायची.
चिमण्यांना तिथे गाव घ्यायला
पाच मिनिटं पुरायची.

सोमवारी धुणं.
वाळत घातलेल्या एप्रनखाली माझा सदरा शोधताना
पायाखाली काहीतरी कडक लागलं.
वाटाणा, सुकून खडा झालेला.
मी तो परत द्यायला गेलो.
तिने हात पुसले, तळवा पुढे केला,
म्हणाली, "विल्फ. माझा धाकटा."
आणि खिशाच्या तळाशी
बोटाने भोक चाचपलं.
सुईदोरा आणायला आत गेली.