एक लांब, दोन तोकडे

एक लांब, दोन तोकडे.
पेटी एवढंच बोलते आणि पडदा काळाच.
वडगावात रात्री नऊनंतर चालू असतात
ते भरमाण्णांचेच दोन माग,
त्यांच्या तालात ही शिट्टी कुठंच बसत नाही.

कार्ड खडेबाजारात भंगारवाल्याकडं मिळालं,
दोनशे साठ रुपयांना, मोडका पंखा फुकट.
पुस्तिका नव्हती. एक चिठ्ठी होती,
आधीच्या मालकाच्या हातची, कन्नडात.
मला वाचता येतं ते बसच्या पाटीवरचं,
एकेक अक्षर सुटं उभं असलेलं.
हे तर घाईतलं, पायात पाय अडकलेलं.
शेजारच्या मंजुळाला बोलावलं. सातवीत आहे.
"मोदलु रब्बर," तिनं वाचलं, आणि हसायलाच लागली.
"आधी खोडरबर, मावशी. कुणाचा तरी गृहपाठ आहे हा."
पुढच्या ओळीवर चहाचा डाग.

हसून झालं, मग मीच कार्ड दिव्याखाली धरलं.
खालच्या काठावर सोनेरी दातांची रांग,
जरीसारखी,
आणि जरीसारखीच काळवंडलेली.
मंजुळानं दप्तरातनं खोडरबर काढून दिलं,
स्ट्रॉबेरीच्या वासाचं.
घासलं. फुंकलं. पुन्हा घासलं.
खाचेत दाबताना फणी बसवतात तसं
दोन्ही अंगठ्यांनी, सारखा जोर,
कट् म्हणेस्तोवर.

शिट्टी एकच आली, आखूड.
खरं पडदा काळाच.

तेव्हा वायर काढून जुन्या भोकात घातली
तर चित्र तिथं, निवांत,
जसं काही झालंच नाही.
मग निळं पान उघडलं, जिथं माउस चालत नाही,
आणि यंत्रानं विचारलं :
आधी कुणाला मानायचं,
बोर्डाच्या अंगचं की बाहेरनं येऊन बसलेलं?
आमच्या गावात असं कुणी विचारलं
तर आम्ही चहा सांगतो
आणि पावसाचं, पोराबाळांचं काढतो.
इथं चहाची सोय नव्हती.
बाण खाली. एंटर. वाय.

त्यानंतरही एक भांडण निघालंच.
मोडेम आणि कार्ड दोघंही अकरा नंबरवर हटून बसले.
मोडेम काढून तांदळाच्या डब्यावर ठेवला.
फोन तसाही मार्चपासून बंद होता.

ड्रायव्हर चढला तेव्हा साडेअकरा झाले होते.
मंजुळा खुर्चीतच झोपलेली, खोडरबर मुठीत.
मी सोळा रंगांची यादी मिटली
आणि मोठी उघडली, जिला तळच नव्हता.

सात वर्षं मी काठ काढले आकड्यांनी.
पाच म्हणजे डाळिंबी. पडद्यावर तो जांभळा दिसायचा,
मी मनात डाळिंबी म्हणायची आणि पुढं जायची.
चौदा म्हणजे मोरपिशी, दिसायला पिवळा.
माझ्या डोक्यात एक साडी, काचेवर दुसरी,
मागावर तिसरी,
आणि गिऱ्हाईकानं तक्रार कधी केली नाही.

आता पाच नंबर खरंच डाळिंबी झाला
आणि मला तो ओळखू येईना.

भरमाण्णा माग बंद करून पाणी प्यायला आले,
बनियनवर कापसाची लव,
दारातनंच वाकून बघितलं.
खांद्यावर तयार पदर होता,
तो त्यांनी पडद्याला लावून धरला.
इकडं केला, तिकडं केला.
दोन डाळिंबी. जुळत नव्हत्या.
मी म्हटलं, अजून थोडं गडद करू का?

"काठ बरोबर हाय की," म्हणाले,
"काच चुकूलालीया,"
आणि पाणी पिऊन गेले.

मी पडद्याच्या बाजूचं चाक
जरा फिरवलं,
जरा उलटं फिरवलं.
पदर ते खुर्चीवरच विसरून गेले होते.
पलीकडं माग पुन्हा सुरू झाला.