चहाडी

शेल्ट नदीकाठच्या इस्पितळात, तळघरात,
मी पेशी वाढवते. पेशंट मला दिसत नाहीत,
नळीवरचा आकडा दिसतो.
सोळा-शून्य-चार, एवढीच ओळख होती
खोदेलीव व्हर्स्ट्रेपेनची.

तिच्या रक्तातून वेचलेल्या पांढऱ्या पेशी
पहिल्या दिवशी गोल, निरुद्योगी,
भिजलेल्या साबुदाण्यासारख्या.
सहाव्या दिवशी फांद्या फुटतात.
सातव्याला मी त्यांना विजेचा बारीक झटका देते,
भिंत क्षणभर किलकिली होते,
तेवढ्यात गुन्हेगाराचं वर्णन आत सरकवते.
मग गोठवण. झाकण. सही.
तीन नळ्या वाया गेल्या होत्या तिच्या. तसं लिहिलंही मी.

एकदा तीच खाली आली.
नियमात बसत नव्हतं.
"माझ्याच आहेत ना? मग बघू दे."
अडतीस वर्षं अँटवर्पच्या बंदरात कस्टममध्ये काढलेली बाई,
केस नुकते परतलेले, बोटभर,
चष्मा कपाळावर ढकलून सूक्ष्मदर्शकावर वाकली
आणि बराच वेळ काही बोलली नाही.

गप्प बसवेना म्हणून मी सांगत राहिले:
या स्वतः कुणाला मारत नाहीत.
या फक्त चहाडी करतात.
दंडात टोचल्या की
वाट काढत काखेतल्या गाठीपर्यंत जातात,
तिथल्या रिकामटेकड्या शिपायांना एकेक धरून
तोंड दाखवतात: हा बघ, असा दिसतो.
निदान जायला हव्यात. बऱ्याचशा वाटेतच मरतात.

"केळ्यांचे कंटेनर," ती म्हणाली, डोळा न काढता.
"कागद चुकलेला असला तर चोर नवखा.
कागद चोख, शिक्का आपल्याच सरकारचा,
तेव्हा मी सील तोडायला लावायचे."

तसाच हा रक्तातला.
हाडाच्या मज्जेत जन्मलेला, घरचा दाखला खिशात,
पहारेकरी त्याला ओळखीचं हसून आत सोडतात.
केमोने वस्ती उठवली,
चार-दोन उरले असतील, नसतील,
कुठल्या बोळात ते यंत्रालाही दिसत नाही.
गावभर वळसे घालून झाले.
कळसा काखेतच आहे का,
हे इथे अजून कुणी छातीठोक सांगत नाही.

तिसऱ्या टोचणीनंतर तळघरातला फोन वाजला.
"लाल झालंय. अकरा मिलिमीटर."
लाली म्हणजे कुणीतरी ऐकतंय.
काय ऐकतंय, किती दिवस लक्षात ठेवील,
ते लालीवरून कळत नाही.
हे सगळं मी तिला सांगायला हवं होतं.
मी म्हटलं, "खाजवू नका."
"खाजवत नाही," ती म्हणाली, "मोजतेय."

टाकीत तिच्या अजून पाच नळ्या आहेत.
शुक्रवारी नायट्रोजन भरायचाय.