कारणाचा रकाना

सांगली सिव्हिलच्या मागच्या अंगाला आमची खोली.
पुरात पाणी टेबलाच्या वर चढलं होतं.
जुनी वही गच्चीवर वाळवली तेव्हा
पानं पापडासारखी फुगून आली,
तरी माझं अक्षर लागतं :
नाव, गाव, वय,
आणि कडेला अरुंद एक रकाना,
मृत्यूचं कारण.

तेव्हा मी शाईचं पेन वापरायची.
क्षय. क्षय. हगवण. मेंदूला सूज. क्षय.
पुढं पुढं हात दुखायचा, मग नुसतं
'वरीलप्रमाणे'.
वय एकतीस, वरीलप्रमाणे.
वय सव्वीस, वरीलप्रमाणे.
विट्याकडचे गलाईवाले,
परमुलखात सोनं आटवून परतलेले,
स्वतःच आटून.
वर्षाच्या आत मागनं त्यांच्या बायका.
गावाकडं कारण वेगळंच सांगायचे,
कावीळ, करणी, तिकडचं पाणी बाधलं.
त्यातलं एक 'वरीलप्रमाणे'
माझ्या घरातलं आहे.
कुठल्या पानावर ते मला बघावं लागत नाही.

मग गोळ्या आल्या.
डबी खुळखुळते म्हणून
तिच्यात कापूस कोंबून नेणारी माणसं
दर महिन्याला तीच तीच दिसू लागली.
वही सावकाश भरू लागली.
एकदा अख्खा श्रावण रकाना कोरा राहिला
आणि मला धास्ती,
कुणाला लिहायचं विसरले की काय.

दादू ऐवळे, हळदीच्या पेठेतला हमाल.
पोतं उतरवून चहाचा कप तोंडाला लावला
आणि छातीत कळ.
"सर, हार्ट अटॅक असंच लिहू?"
"मग काय लिहिणार?"
त्या दिवशी घरी जाऊन, सांगायची लाज वाटते,
मी शिरा केला.
दादूसाठी रडत रडत रवा भाजला.
आमच्यातला एक माणूस
चारचौघांसारखा मेला होता.

तो आनंद फार टिकला नाही.
मुबारक नदाफ, मिरजेत सतारीचे भोपळे घासायचा;
साखर, मग किडनी.
बिराप्पाला जतच्या माळावर साप.
आणि नीलव्वा.
चौदा वर्षं एक डोस चुकवला नाही तिनं.
दर खेपेला गोळ्या मोजल्या आम्ही, वजन घेतलं,
रक्त घेतलं,
पिशवीच्या तोंडाशी काय वाढतंय
ते बघायचं राहिलं.
कॅन्सर, हा शब्द मी इतका दाबून लिहिलाय
की मागच्या पानावर उमटलाय.

एका पोराचं कारण मी 'एकटेपणा' लिहिलं होतं.
सरांनी खोडून 'गळफास' केलं.
दोघांचंही बरोबर असावं.

आता वही नाही, संगणक आहे.
कारणं आधीच ठरलेली, आपण फक्त निवडायचं.
गेल्या महिन्यात बनूबाई लवटेंची सून आली,
आटपाडीहून, एसटीनं, उरलेल्या गोळ्या परत द्यायला.
म्हणाली, "झोपेतच गेल्या. आदल्या रात्री
भाकरी करपली म्हणून मला बोलल्या होत्या."
वय एकाहत्तर.
संगणकावरचा पोरगा यादी वरखाली करत राहिला.
"मॅडम, म्हातारपण नाही यात. 'इतर' टाकू?"
टाक म्हटलं.
मग कपाटातनं फुगलेली वही काढली,
शेवटच्या पानावर जागा होती.
शाईचं पेन सुकलेलं; बॉलपेननंच लिहिलं,
म्हातारपण.
खाली दुसरी ओळ आखून ठेवली, उगाच.

परवा माझीही तपासणी झाली.
विषाणू सापडत नाही, नेहमीसारखा.
पण ब्लडप्रेशर वर गेलंय.
नवीन डॉक्टरीणबाई, माझ्या लेकीच्या वयाची,
चष्मा वर ढकलून म्हणाली,
"रोज जेवताना काय काय घेता?"
एकोणीस वर्षं मी या गोळ्या खातेय.
पहिल्यांदाच कुणीतरी मला
लोणच्यावरून रागावलं.