बत्तीस फूट मागं

वाडीच्या यार्डात सकाळी सात वाजता
त्यांनी माझा अंगठा घेतला, मग डोळे, मग फुंकर.
सतरा सह्या. बूट नऊ नंबरचे, माझा पाय आठ.
"दोन मोजे घाल," स्टोअरवाला वर न बघता म्हणाला.
छातीवर बिल्ला : हेडाऊ पी., खाली सहा आकडे.
पी म्हणजे प्रज्योत, हे कोणी विचारलं नाही.

आठ वर्षं छोटा हत्ती चालवला मी.
कळमन्यातून संत्र्याच्या पेट्या,
गोळीबार चौकातून लग्नाच्या खुर्च्या.
या शहरातला एकेक गतिरोधक माझ्या कमरेत नोंदलेला आहे.
इथं गाड्या अकराशे, सगळ्या पांढऱ्या.
पहिल्या दिवशी डबा खाऊन आलो
आणि भलत्याच गाडीत चढलो.

उइके उस्ताद बालाघाटचे.
तंबाखू मळताना रस्त्याकडे बघत नाहीत,
आरशाकडे बघतात.
"तू वळला म्हणजे गाडी वळली असं समजू नको बाबू.
तू नव्या रस्त्यावर, अन् शेपूट अजून जुन्यावर.
तिले वेळ दे."
तीन आठवडे तेच. ड्रमांमधून पुढं, ड्रमांमधून मागं.
चौदा ड्रम पाडले.
पंधरावा उभा राहिला तेव्हा उस्ताद म्हणाले,
"चहा सांग."

घरी सांगितलं, पगार एक तारखेला, थेट खात्यात.
बाबांनी विचारलं, "माल कोणता?"
सील असते बाबा. आपल्याला सांगत नाहीत.
चाळीस वर्षं मागावर बसलेला माणूस,
अंधारात बोट फिरवून काठ ओळखणारा.
"काय वाहून नेऊन राहिला, हे बी माहीत नाही तुले?"
मग बराच वेळ ते पोह्यावरच्या तर्रीकडे बघत राहिले.
मी पीएफचं सांगणार होतो,
राहून गेलं.

पहिली खेप हैदराबाद. रात्री साडेदहा.
निघताना झिरो माईलच्या दगडाला सांगून जावं असं मनात होतं,
तिथूनच म्हणे सगळी अंतरं मोजतात.
तिकडे जड वाहनांना बंदी आहे.
म्हणून निघालो शहराच्या पाठीकडून,
रिंग रोडनं,
गोदामांची शटरं, एक उघडं सलून, झोपलेली कुत्री.

कॅबमध्ये कॅमेरा. जांभई दिली की एक बाई बोलते,
स्वच्छ हिंदीत : कृपया विश्राम करें.
आमच्या घरात चार पिढ्यांत
हे कोणी कोणाला म्हटलेलं नाही.
मी चुकून "हो ताई" म्हणालो.
उस्ताद हसले नाहीत. तेही म्हणतात.

बुटीबोरी. काटा साठच्या वर जात नाही,
कंपनीनं बांधून ठेवलाय.
ट्रॅव्हल्सवाले शिव्या देत पुढं गेले.
जाम नावाच्या गावात जाम नव्हता.
हिंगणघाटला जिनिंगमधून उडालेला कापूस
बाभळींना लटकला होता,
दिव्यात दिसला, गेला.

वडनेरपाशी उस्ताद काही न बोलता मागच्या बर्थवर गेले.
ती परीक्षा होती, की भरवसा,
की नुसती झोप?
पांढरकवड्यापर्यंत मी घोरण्याकडे कान लावून होतो.
खरं घोरणं आणि खोटं घोरणं
यात फरक काय असतो, देव जाणे.

पैनगंगेच्या पुलावर पाट्यांची अक्षरं गोल झाली.
मी पलीकडे पोचलो होतो.
आरशात, बत्तीस फूट मागं,
लाल दिव्यापाशी अजून महाराष्ट्र.
घाई केली नाही.

पुढं एका ढाब्यावर गाडी लावली.
सैल बुटात टाच घासली होती, सोललीच म्हणा.
लंगडत शेपटापर्यंत चालत गेलो.
सीलचा नंबर ताडून पाहिला, टॉर्च विझवला,
आजूबाजूला कोणी नाही बघून
दाराच्या फटीला नाक लावलं.
साबण असेल. किंवा रबर.
किंवा नुसतं गरम लोखंड.

सकाळी फोन येईल.
साबण, असं सांगीन.