भूतकाळ, उसना

घणसोलीच्या समाजमंदिरात, कॅरमच्या खोलीत,
मंगळवारी आणि शुक्रवारी, सात ते आठ
मी इंग्रजी शिकवतो.
सात बायका, एक रिक्षावाला,
फळ्याच्या जागी कपाटाचं निखळलेलं दार.

दमयंती मढवी महापेच्या कंपनीत
गेटवरची वही लिहिते.
तिनं लिहिलं होतं : लिफ्टवाला 'गोड' ॲट फोर.
गोड! वर्ग हसला.
मी तांबड्या शाईनं गोड खोडलं,
वर लिहिलं वेन्ट.

ती नाही हसली.
वॉकचं वॉक्ड, प्लेचं प्लेड,
मग वेन्टच्या अंगावर
गोचं एक तरी अक्षर आहे का, सर?

एकतीस वर्षं मी हे पाठ करून घेतलं,
विचारलं कुणी नव्हतं.

रात्री जाडा शब्दकोश काढला.
वेन्ड नावाचं एक क्रियापद होतं,
वळणावळणानं वाट काढणारं.
सेंडचं सेंट, लेंडचं लेंट, तसं वेन्डचं वेन्ट,
सख्खं, पोटचं.
गोचा जुना भूतकाळ बोलण्यातून उठला
(तोही परक्याचाच होता म्हणे)
आणि गोनं शेजारणीचा उचलला.
वेन्डला मग वेन्डेड शिवून दिलं.
ते फारसं कुणी घालत नाही.

शुक्रवारी हे सांगितलं तर रिक्षावाला म्हणाला,
आपलं बरं. आपलं सरळ.
दमयंती बोटांवर मोजत होती :
जाते, जाईन, जावं,
गेले.
सर, आपला ज कुठं गेला?

पंख्याचा आवाज तेवढा.
जन्मभर मी गेला-गेली म्हणत आलो,
आणि सांधा दिसला नव्हता.
या आणि गम्, दोन वेगळ्या घरचे धातू
एका चुलीवर इतकी शतकं,
भांड्याला भांडं लागल्याचं ऐकू आलं नाही.

मग गॉन आणि बीन.
गॉन म्हणजे गेला, तिकडेच आहे.
बीन म्हणजे जाऊन आला.
वाक्यं करा.
रिक्षावाला आज तीनदा कळव्याला बीन.
दमयंतीनं लिहिलं : माय व्हिलेज हॅज गॉन.

गाव जात नाही, मी म्हणालो, माणसं जातात.
आमी कुठं नाय गेलो सर, ती म्हणाली,
दार तेच, उंबरा तोच.
मिठागर गेला, खाडी मागं सरली,
पत्त्यात सेक्टर आला.
गावच गेला.

तांबडं पेन हातात होतं.
बरोबरची खूण केली, थोडी वाकडी आली.

आठ वाजले. येतो सर, येते सर,
जाते असं एकीनंही म्हटलं नाही.
दमयंती चपला घालताना थांबली :
निघताना येते म्हणतो, त्याला इंग्रजीत काय?

मी खडू उचलला.
कपाटाच्या दारावर गो लिहिलं,
पुसलं.
कम लिहिलं.
बाहेर कॅरमची पोरं पावडरचा डबा वाजवत उभी होती.